बंद पडलेला ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायचाय? आधी तो थांबेल कसा ते बघा

सांवेरच्या पुढे काकांचं शेत आहे, तिथे त्यांचा ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर अख्खा पावसाळा कडुनिंबाखाली उभा होता, इंजिन जाम, आणि दिवाळीनंतर तो इंदूरला देवास नाक्याकडच्या मिस्त्रीकडे न्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी आम्ही चौघांनी काय केलं सांगतो. ट्रेलरची दांडी दोन दगडांवर टेकवली, मागे दोन फळ्या टाकल्या, ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरला नायलॉनची लांब दोरी बांधली, ती ट्रेलरवरून पलीकडे नेली आणि शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढायला लागलो. पुढची चाकं फळ्यांवर अर्धी चढली असतील नसतील, बंपरचा बोल्ट टणकन उडाला आणि ट्रॅक्टर गडगडत मागे आला तो थेट झाडाला जाऊन टेकला. मध्ये फक्त एक प्लास्टिकची बादली होती, तिची पोळी झाली. त्या बादलीच्या जागेवर पाच मिनिटं आधी माझा मावसभाऊ उकिडवा बसून "अजून थोडं, अजून थोडं" ओरडत होता.

संध्याकाळी चहा घेताना काका एवढंच म्हणाले, "अरे, ओढायचं सगळ्यांनी ठरवलं, पण थांबवायचं कोणी ठरवलं होतं का?" दुसऱ्यांदा नीट केलं तेव्हा प्रत्येक पायरीला हाच प्रश्न विचारत गेलो, की आत्ता या क्षणी दोरी तुटली तर हा दोन टनांचा गोळा कशाने अडेल. खाली जे लिहितोय ते ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी आहे, रोज गाड्या उचलणाऱ्यांना यातलं सगळं पाठ असतं.

तर आधी वजन. ३५ ते ४५ एचपीचा साधा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर नुसता १७०० ते २००० किलोच्या आसपास भरतो, ५० एचपीच्या पुढचे दोन टनांच्या वर. त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असतं, हे लक्षात ठेवा, पुढे ट्रेलरवर उभा करताना कामाला येईल. आणि लोक एक गोष्ट हमखास विसरतात, टायरमधलं पाणी. नांगरटीला पकड यावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरून घेतलेलं असतं, एकेका टायरमध्ये दीडशे-दोनशे लिटर म्हणजे तेवढेच किलो, दोन्ही मिळून एखादी म्हैसच वर बसल्यासारखं. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला असेल तर पिन हलकी दाबून बघा, हवेऐवजी पाणी फुर्रकन उडालं तर समजा भरलेलं आहे. चाकाला लोखंडी वजनाच्या चकत्या लावल्या असतील तर त्या आणि पुढच्या वजनाच्या प्लेटा काढून वेगळ्या नेल्या तर उत्तम.

मग कशाने चढवायचा. माझं स्पष्ट मत, रस्ता हायड्रा (चाकांवरची क्रेन) येण्यासारखा असेल तर हायड्रा बोलवा, पैसे जातात पण अर्ध्या तासात काम होतं. फक्त उचलताना बेल्ट पुढच्या एक्सलखालून आणि मागच्या एक्सलच्या हाउसिंगखालून घाला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा बोनेटला नाही, आणि सीटवर कोणीही बसायचं नाही, "मी स्टिअरिंग धरतो" म्हणणारा एक तरी असतोच, त्याला खाली उतरवा. लटकलेला ट्रॅक्टर हलू नये म्हणून बाजूने जी दोरी धरतात ती लांब असू द्या, कारण माल लटकवून चालणाऱ्या हायड्राच्या चाकाशी तोच माणूस सगळ्यात जवळ असतो आणि ऑपरेटरला तो दिसत नाही.

पण आपल्या माळव्यात अडचण ही की पाऊस झाला किंवा शेजाऱ्याने गव्हाला पाणी सोडलं की हायड्रा बांधापर्यंतसुद्धा येत नाही. इथल्या मातीला "गहन गंभीर" म्हणतात ते उगाच नाही, पाय बाहेर येतो आणि बूट आत राहतो. आमच्याकडे तेच झालं, म्हणून विंचने, म्हणजे दोर हळूहळू खेचणाऱ्या यंत्राने, चढवायला लागला, आणि बहुतेकांना हेच करावं लागतं, म्हणून यावरच जास्त लिहितो.

ओढायच्या आधी ट्रॅक्टर जागेवर तपासा, यात घाई नको. मुख्य गिअर आणि हाय-लो दोन्ही लिव्हर न्यूट्रलला येतात का बघा, पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा दांडा) बंद करा. इंजिन जाम असलं तरी न्यूट्रलमध्ये चाकं फिरतात, न फिरली तर बहुतेक ब्रेक चिकटलेले असतात, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे फार होतं, आमच्या डाव्या चाकाचं तेच होतं. अशा वेळी जोराने हिसका देऊ नका, सपाट जागेवर थोडं पुढे थोडं मागे असं डोलवत राहा, बऱ्याचदा सुटतात. नंतर ब्रेक दाबून बघा. ट्रॅक्टरचे ब्रेक साधे मेकॅनिकल असतील, म्हणजे जुन्या बहुतेक गाड्यांत, तर इंजिन बंद असतानाही ते लागतात, ही आपल्या बाजूची गोष्ट. पण डावा आणि उजवा पेडल वेगळे असतात, शेतात वळायला, म्हणून मधली कुंडी (कडी) लावून दोन्ही एकत्र जोडा, नाहीतर उतारावर घाबरून एकच पाय पडला की ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला फिरणार. सपाटीवर दहा फूट ओढून ब्रेक मारा, दोन्ही चाकं सारखी अडतात का बघा. अडत नसतील तर या ट्रॅक्टरला ब्रेकच नाहीत असं धरून पुढचं सगळं करायचं.

इंजिन जाम नसेल, नुसतंच बंद असेल, तर स्टॉपची नॉब बाहेर ओढून ठेवा. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनला चालू व्हायला चावी लागत नाही, ओढता ओढता चुकून गिअर पडला तर ते आपोआप सुरू होऊ शकतं, आणि उतारावर अर्धा चढलेला ट्रॅक्टर स्वतःहून चालू होणं म्हणजे काय ते कल्पना करा. डिझेलचा कॉक बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. मागे पंजा किंवा रोटाव्हेटर असेल तर तो काढायचाच, आणि लिफ्टचे हात चेनने वर बांधायचे, कारण इंजिनशिवाय ते लिव्हरने उचलले जात नाहीत आणि खाली लोंबकळले की उताराच्या टोकावर अडकतात. टायरमध्ये हवा भरा. चपटा टायर ओढायला खूप जास्त जोर लागतो आणि फळीवरून घसरतो. स्टिअरिंग पॉवरचं असेल तर ते इंजिनशिवाय जड जाणार, दोन्ही हातांनी ओढावं लागणार, पण फिरतं.

आता जागा, माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. उतार जेवढा कमी तेवढं सगळं सोपं. ट्रेलरचा पाटा (माल ठेवायचा तळ) जमिनीपासून ३ फूट आणि फळी १२ फूट असेल तर ट्रॅक्टरच्या वजनाचा पाव हिस्सा खेचावा लागतो, म्हणजे २००० किलोला ५०० किलो, वर चाकांचा घासा शंभरएक किलो धरा. फळी ६ फुटांची केलीत तर वजनाच्या निम्मा जोर, म्हणजे हजार किलो, आणि तुटलं तर मागे येण्याचा जोरही तेवढाच. म्हणून एखादी नाल्याची पाळ, उंच बांध, मंडीतला माल चढवायचा ओटा असं काही शोधा, तिथे ट्रेलर मागे लावला की पाटा आणि जमीन जवळपास एका पातळीत येतात. आम्ही उलटं केलं, ट्रेलरच्या मागच्या चाकांसाठी जमिनीत दीड-दोन वीत खोल उतरते चर खणले, तेवढ्याने फूटभर उंची कमी झाली. पाळीला लावत असाल तर कडा कच्ची नाही ना ते आधी पाय आपटून, पहार मारून बघा, मागच्या चाकांखालची कड ढासळली तर सगळा खेळ संपतो. आणि वर बघा! शेतातल्या विजेच्या तारा किती खाली झोळतात ते खालून कळत नाही, ट्रेलरवर चढलेल्या ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर किंवा छत्री सहज दहा-अकरा फुटांच्या पुढे जाते.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच हवा, आम्ही केलं तसं दांडी दगडावर नाही. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक, चारही बाजूंना गुटके, म्हणजे चाक अडवायचे लाकडी ठोकळे. जड माल शेपटीवर आला की ट्रेलर मागून बसतो आणि पुढून उचलतो, दोन चाकांच्या ट्रेलरचं तर हे ठरलेलंच, म्हणून मागच्या टोकाखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे ठोकून घट्ट बसवा. शेताची साधी ट्रॉली या कामाला घेऊ नका, बाजूचे फाळके, एकच एक्सल, उंची जास्त, त्यापेक्षा कमी उंचीचा चार चाकी ट्रेलर किंवा लो-बेड भाड्याने आणा.

फळ्या म्हणजे खरंतर लोखंडी चॅनलच्या शिड्याच चांगल्या, लोहामंडीत तयार करून मिळतात. रुंदी किमान दीड फूट, कारण पुढचा टायर अर्ध्या फुटाचा आणि मागचा फूट-सव्वाफुटाचा, वर दोन्ही एकाच रेषेत चालत नाहीत. वरचं टोक ट्रेलरला हुकने किंवा पिनने अडकलेलं पाहिजे, नुसतं टेकवलेलं चालत नाही, चाक चढलं की शिडी मागे सटकते. लाकडी फळी असेल तर आडव्या पट्ट्या ठोका आणि चिखल पुसून घ्या.

ओढायला काय वापरायचं? दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणं मला आता नकोच वाटतं, आणि ओढायचंच झालं तर दोरी त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच (मागे खाली असलेली ओढायची पट्टी), टॉप लिंकला किंवा एक्सलला कधीच नाही. वर बांधली आणि मागचा माल अडला की ओढणारा ट्रॅक्टरच पुढून उचलून दीड-दोन सेकंदात मागे पालथा होतो, ड्रायव्हरला क्लच दाबायला वेळच मिळत नाही. शिवाय त्याचा ड्रायव्हर पुढे बघतो, मागे काय चाललंय ते त्याला कळत नाही.

हाताचं विंच सगळ्यात चांगलं, हळू चालतं हाच त्याचा गुण. चेन कप्पी लोक घेऊन येतात पण ती मुळात वर उचलायला बनवलेली असते, आडवी ओढताना साखळी गुंतते, आणि साधारण ३ मीटरच ओढते, म्हणजे उताराच्या बरोबर मध्यावर ती संपते आणि सगळं सोडून परत बांधावं लागतं, बहुतेक घोळ तिथेच होतात. त्यापेक्षा पुलिंग-लिफ्टिंग मशीन घ्या, ज्याला सगळे तिरफोर म्हणतात, सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा किंवा भाड्याने मिळतं का बघा. त्यातून वायर रोप सलग जाते, दांडा मागे-पुढे केला की इंच इंच सरकते आणि दांडा सोडला तरी माल धरून ठेवते, उलट्या दांड्याने तसाच हळूहळू खालीही सोडता येतो. दोन टनांच्या ट्रॅक्टरला दीड टनाच्या खालचं मशीन नको. जोर जास्त पडला की दांड्याजवळची छोटी पिन तुटते, ती मुद्दाम तशी बनवलेली असते, माल तिथेच थांबतो. ती तुटली म्हणजे मशीन तुम्हाला काहीतरी सांगतंय, चाक अडलंय किंवा ब्रेक धरलाय, ते शोधा. तिच्या जागी खिळा घालणारे बहाद्दर मी बघितलेत, तसं करू नका.

मशीन ट्रेलरच्या पुढच्या मजबूत क्रॉस मेंबरला (सांगाड्याच्या आडव्या पट्टीला) बांधा. ट्रॅक्टरकडे हुक पुढच्या एक्सलच्या सपोर्टला डी-शॅकलने (पिन घालून बंद होणारी लोखंडी कडी), बंपरला नाही (बादली आठवा). नायलॉनची दोरी वापरू नका, ती रबरासारखी ताणते आणि तुटली की सगळा ताण घेऊन उलटी येते. वायर रोपही तुटली तर चाबकासारखी फिरते, म्हणून तिच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जुनी घोंगडी टाकून ठेवा, आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत, किंवा ती ओलांडत, कोणीही नाही.

आता गुटके, आणि यासाठीच हा सगळा खटाटोप. सहा बाय सहा इंच लाकडाचे तिरके कापलेले दोन गुटके, आणि प्रत्येकाला चार-पाच फुटांचा बांबू खिळ्यांनी ठोकलेला, झाडूसारखा. काकांनी स्वतः बसून बनवले, एक बांबू तर आंबे उतरवायच्या झेल्याचा होता. दोन माणसं, दोन्ही मागच्या चाकांच्या बाजूला, चाकापासून हातभर लांब उभी, आणि चाक जसं इंचभर वर सरकेल तसा बांबूने गुटका चाकाच्या मागोमाग सरकवत नेतात, कधीही चाक आणि गुटका यात चार बोटांपेक्षा जास्त फट नाही. हात चाकाखाली जात नाही, पाय जात नाही, आणि दोरी तुटली तरी ट्रॅक्टर चार बोटं मागे येऊन थांबतो. ऐकायला किरकोळ वाटतं पण त्या दिवशी शॅकल एकदा सरकला, खट्ट आवाज झाला, ट्रॅक्टर दोन इंच मागे येऊन गुटक्यावर बसला, बस, एवढंच झालं. सगळे हसले. पहिल्या दिवशी कोणी हसलं नव्हतं.

सीटवर माणूस असावा का यावर आमच्यात वाद झाला. ब्रेक लागत असतील, उतार कमी असेल, विंच हाताचं असेल तर एक जाणता माणूस सीटवर, पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगवर, हे मला पटतं. ब्रेकच नसतील तर त्याचा वर बसून उपयोग नाही, मग स्टिअरिंग दोरीने सरळ बांधून टाका आणि थांबत थांबत, दर वेळी आधी गुटका लावून, खालून दुरुस्त करत चढवा. चालत्या ट्रॅक्टरच्या बाजूने चालत स्टिअरिंग फिरवणं, किंवा मागे ड्रॉबारवर उभं राहणं, दोन्ही बंद. आणि बोलणारा एकच. आमच्याकडे आत्याचे यजमान उभे होते, फक्त त्यांनी "थांब" आणि "चल" म्हणायचं, बाकीच्यांनी गप्प, अर्थात "थांब" कोणीही ओरडलं तर थांबायचं.

पुढची चाकं पाट्यावर आली की जोर एकदम कमी होतो आणि माणसं ढिली पडतात. इथे सावध. मागची चाकं कड ओलांडून वर आली की ट्रॅक्टर स्वतःच पुढे पळायला बघतो, दोरी ढिली पडते आणि मशीनवर बसलेला माणूस त्याच्या आणि पुढच्या फाळक्याच्या मध्ये असतो. म्हणून पुढच्या चाकांच्या अडणीला आडवा वासा आधीच ठोकून ठेवा, आणि शेवटचे दोन फूट सगळ्यात हळू. कडेवरून जाताना ट्रॅक्टरचं पोट किंवा ड्रॉबार घासतोय का ते एकाने लांबून वाकून बघावं.

कुठे उभा करायचा, तर ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढे वजन येईल असा, मागचं वजन जास्त असतं ते आधी सांगितलंच. सगळं मागे राहिलं तर पुढची गाडी उचलल्यासारखी होते आणि वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मग गिअरमध्ये, ब्रेकची कुंडी लावून, चारही चाकांना गुटके खिळ्याने पाट्याला ठोकून, आणि चार कोपऱ्यांतून चार चेन किंवा रॅचेट बेल्ट, पुढे एक्सलला, मागे एक्सल हाउसिंगला, दोन पुढे खेचणारे दोन मागे. टाय रॉडला, पायदानाला बांधू नका. बोनेट दोरीने बांधा, हवेने उघडून उडतं, टूलबॉक्सचं झाकणही, सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला.

रस्त्यात आठ-दहा किलोमीटरवर थांबून बेल्ट बघा, पहिल्यांदा हमखास ढिले होतात. आम्ही उज्जैन रोडने लवकुश चौराह्यापर्यंत आणि तिथून एमआर-१० ने गेलो, दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा अर्धा अर्धा खटका घट्ट करावा लागला. आरसी आणि इन्शुरन्सची कॉपी बरोबर ठेवा, बंद ट्रॅक्टर वाहून नेताना बघितला की चोरीचा तर नाही असा प्रश्न साहजिक येतो. शहरात जड गाड्यांना नो एन्ट्रीच्या वेळा आहेत, त्या आधी विचारून घ्या. आणि वर सीटवर बसून हवा खात यायचा हट्ट धरणारा भाचा, त्याला पुढे केबिनमध्ये बसवा.

उतरवताना लोक म्हणतात आता काय, उतारच आहे, आपोआप येईल. तेच तर नकोय. सगळी उलटी क्रिया, चेन सोडायच्या आधी विंचची दोरी परत लावून ताणायची, गुटकेवाले परत दोघं, या वेळी चाकांच्या खालच्या बाजूला इंच इंच मागे सरकत, आणि तिरफोर उलट्या दांड्याने. मिस्त्रीच्या अंगणात आमच्या मावसभावाने बांबूचा गुटका पहिल्यांदा स्वतःहून हातात घेतला, आणि ट्रॅक्टर पूर्ण सपाटीवर येऊन चारही चाकांना दगड लागेपर्यंत दोरीचा हुक काढू दिला नाही, मिस्त्री "हो गया भिया, हो गया" म्हणत होता तरी.